लस घेतल्यापासून खांदा आखडला: अमेरिकेत भरपाईचा दावा कसा लावायचा?

मीरा_एडिसन

ग्रीन कार्डच्या मेडिकलसाठी गेल्या ऑक्टोबरात सिव्हिल सर्जनच्या (इमिग्रेशन खात्याने नेमलेल्या खासगी डॉक्टरच्या) दवाखान्यात एकाच दिवशी तीन लशी घेतल्या. डाव्या दंडात फ्लू आणि टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला), उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला). त्याच रात्री डावा खांदा ठणकायला लागला. आता आठ महिने होतील. ऑर्थोपेडिकने फ्रोझन शोल्डर (आखडलेला खांदा) आणि बर्सायटिस (सांध्याजवळच्या पिशवीचा दाह) असं निदान लिहिलंय. एमआरआय झाला, एक स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं. मध्ये सहा आठवडे पुण्यात होते, तेव्हा फिजिओथेरपी तिथे केली. मला टाइप २ मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. स्टेटस एच-४, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावरचा जोडीदाराचा व्हिसा.

भरपाई मागता येते असं ऐकलं. दावा कुणावर लावायचा? दवाखान्यावर की लशीच्या कंपनीवर? ग्रीन कार्ड अजून हातात नाही, त्याने अडतं का? वकिलाची फी किती? मुदत किती? आणि पुण्यातले कागद इथे चालतात का? माहितगारांनी कृपया नेमकं सांगा.

श्रीधर_दावेकाम

मीरा, दवाखान्यावर किंवा कंपनीवर खटला भरायचा विचार आधी बाजूला ठेवा. १९८६च्या नॅशनल चाइल्डहूड व्हॅक्सीन इंज्युरी अ‍ॅक्टने तो रस्ता अडवलेला आहे. सरकारने ठरवलेल्या यादीतल्या लशीने इजा झाली असेल, तर लस देणाऱ्यावर किंवा बनवणाऱ्यावर १,००० डॉलरपेक्षा जास्त रकमेचा दावा थेट दिवाणी कोर्टात लावता येत नाही. आधी नॅशनल व्हॅक्सीन इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅममधून जावं लागतं. हा कार्यक्रम १ ऑक्टोबर १९८८ पासून चालू आहे. कायदा मुलांच्या लशींवरून झाला, पण वयाची अट त्यात नाही. आता तर येणाऱ्या दाव्यांत मोठ्या माणसांचे खांदेच फार असतात.

याचिका वॉशिंग्टनमधल्या यू. एस. कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये दाखल होते आणि तिथले स्पेशल मास्टर, म्हणजे याच दाव्यांसाठी नेमलेले न्यायिक अधिकारी, ती ऐकतात. समोर असतात केंद्रीय आरोग्य खात्याचे सचिव, त्यांच्या बाजूने न्याय खात्याचे वकील. पैसे ट्रस्ट फंडातून येतात. लस जितक्या रोगांवर तितके ७५ सेंट प्रत्येक डोसमागे कर म्हणून त्या फंडात जमा होतात; तुमच्या फ्लूच्या लशीचे ७५ सेंट, टीडॅपचे सव्वादोन डॉलर. त्यामुळे दवाखान्याच्या खिशाला हात लागत नाही आणि सुई टोचणाऱ्याची चूक तुम्हाला सिद्ध करावी लागत नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण ‘नर्सने फार वर टोचलं हे मी कसं दाखवू’ या काळजीने कित्येक लोक दावाच करत नाहीत.

तुमच्या इजेचं नाव सिर्वा, म्हणजे लस टोचण्यातून झालेली खांद्याची इजा. २१ मार्च २०१७ पासून ती कार्यक्रमाच्या अधिकृत तक्त्यात आहे. २०२१च्या जानेवारीत ती काढून टाकायचा नियम निघाला होता, पण अंमलात यायच्या आधीच मागे घेतला गेला. जुन्या लेखांत ‘सिर्वा बंद’ असं वाचलंत तर सोडून द्या.

तक्त्यात बसायला चार गोष्टी लागतात. त्या खांद्याला आधीपासून असं दुखणं नसावं, ज्यातून आत्ताचा त्रास समजावता येईल. दुखणं लशीनंतर ४८ तासांच्या आत सुरू झालेलं असावं. दुखणं आणि हालचालीची अडचण, दोन्ही लस घेतलेल्या खांद्यापुरतीच असावी. आणि हे सगळं घडवू शकेल असं दुसरं कारण, उदाहरणार्थ मानेतून दबलेली नस किंवा ब्रेकियल न्यूरायटिस (खांद्याकडच्या नसांचा दाह), नसावं. चारही जमल्या तर लशीनेच झालं असं कायदा गृहीत धरतो, मग ते खोडून काढायचं ओझं सरकारवर. एखादी हुकली तरी दावा मरत नाही, फक्त कारण-परिणाम तज्ज्ञाच्या मताने सिद्ध करत बसावं लागतं आणि ते काम बरंच जड आहे.

याशिवाय त्रास लस घेतल्यापासून सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलेला असावा लागतो, किंवा इस्पितळात भरती होऊन शस्त्रक्रिया झालेली असावी लागते. तुमचे आठ महिने होत आलेत, पण तो त्रास कागदावरही सहा महिन्यांपलीकडे दिसायला हवा. पाचव्या महिन्यानंतर डॉक्टरची एकही भेट नसेल तर सरकारी वकील पहिलं बोट तिथेच ठेवतात. या महिन्यात ऑर्थोकडे एकदा जाऊन आजची अवस्था नोंदवून घ्या.

मुदत: पहिलं लक्षण दिसल्यापासून ३६ महिने. निदान झालं त्या दिवसापासून नाही, वकील गाठला त्या दिवसापासून तर नाहीच. याचिका त्या तारखेच्या आत कोर्टात दाखल झालेली लागते, पोस्टात टाकलेली चालत नाही. आणि कागद गोळा करायलाच पाच-सहा महिने सहज जातात.

स्टेटस: लस अमेरिकेत घेतलेली असणं महत्त्वाचं. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड ही अट नाही. एच-४ वर असाल, व्हिजिटर म्हणून आलेले आईवडील असतील, दावा करता येतो. मधेच भारतात परत गेलात तरी तो चालू राहतो.

फी: वकील तुमच्याकडून किंवा तुमच्या भरपाईतून टक्केवारी घेऊच शकत नाही, कायद्याने मनाई आहे. त्याची फी आणि खर्च कोर्ट वेगळे मंजूर करतं. दावा हरलात तरी करतं, मात्र तो प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असला पाहिजे. ३३ टक्क्यांचा करार कुणी पुढे केला तर सही करू नका. त्या माणसाला हे काम माहीतच नाही. दाखल करायची फी चारशे डॉलरच्या आसपास असते आणि ती बहुतेक वकील स्वतः भरून खर्चात लावतात. वकील तुमच्या न्यू जर्सीचाच हवा असं नाही, त्या कोर्टात नोंदणी असली की पुरे. नोंदणी असलेल्या वकिलांची यादी कोर्टाच्या संकेतस्थळावर आहे. सगळं काम फोन आणि ईमेलवर होतं.

प्रशांत_०७

एवढं कशाला? व्हेअर्सवर ऑनलाइन फॉर्म भरा, पुढचं सरकार बघतं.

श्रीधर_दावेकाम

प्रशांत, हा समज फार पसरलाय आणि त्याने लोकांची मुदत जाते. व्हेअर्स ही सीडीसी आणि एफडीए या अमेरिकी आरोग्य आणि औषध यंत्रणांची सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी नोंदवही आहे. तिथे फॉर्म भरणं चांगलंच, लशीच्या सुरक्षिततेसाठी उपयोगाचं आहे, पण तो भरपाईचा अर्ज नाही. त्याने ३६ महिन्यांचं घड्याळ थांबत नाही आणि कोर्टात तुमची फाइलही उघडत नाही.

मानसी_फिजिओ

वैद्यकीय बाजू मांडते, कारण दावा कायद्यापेक्षा खांद्याच्या नोंदींवर उभा राहतो किंवा पडतो.

लस द्यायची जागा खांद्याच्या टोकाच्या हाडापासून, म्हणजे अ‍ॅक्रोमियनपासून, दोन ते तीन आडवी बोटं खाली, डेल्टॉइड स्नायूच्या जाड भागात असते. बाही नीट वर न करता गळ्यातून खांदा अर्धवट उघडा करून टोचलं, किंवा देणारा उभा आणि घेणारा खुर्चीत बसलेला असला, की सुई वरच्या भागात जाते. तिथे स्नायूखाली बर्सा असतो, वंगणाची पातळ पिशवी. बारीक माणसात एक इंचाची सुई तिथपर्यंत आरामात पोचते. लशीतलं द्रव्य बर्सात किंवा कंडरेत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत) उतरलं, की शरीर तिथेच प्रतिकाराची दाहक प्रतिक्रिया देतं. म्हणून साधं ‘हात दुखणं’ दोन-तीन दिवसांत जातं आणि हे जात नाही. कार्यक्रमाकडे आलेल्याच १३ प्रकरणांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातून हे चित्र बरंच स्पष्ट झालं.

आता मीरा, तुमचा अवघड मुद्दा मधुमेह आहे. मधुमेहात फ्रोझन शोल्डर मुळातच जास्त दिसतो, थायरॉइडच्या विकारातही. सरकारची बाजू हेच ‘दुसरं कारण’ म्हणून पुढे करू शकते. याला उत्तर असं की मधुमेहातला फ्रोझन शोल्डर सहसा हळूहळू चढतो, नेमका दिवस सांगता येत नाही. लशीच्या रात्रीच सुरू झालेलं तीव्र दुखणं, त्याआधी खांद्याची एकही तक्रार नाही, आणि एमआरआयमध्ये बर्सात पाणी किंवा दाह, हे तिन्ही एकत्र असलं की चित्र वेगळं दिसतं. तुमच्या ऑर्थोला हा फरक त्याच्या नोंदीत दोन ओळींत लिहायला सांगा. त्याला पटत असेल तरच तो लिहील, आणि तसंच हवं. लशीच्या आधीचे आणि नंतरचे एचबीए१सीचे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे) रिपोर्टही जोडा. साखर आटोक्यात होती हे दिसलं तर मदतच होते.

फिजिओच्या पहिल्या तपासणीचा कागद सोन्यासारखा जपा. त्यात गोनिओमीटरने मोजलेले अंश असतात: हात पुढून वर किती, बाजूने वर किती, कोपर कमरेला लावून बाहेर किती वळतो, पाठीमागे अंगठा कुठल्या मणक्यापर्यंत पोचतो. निरोगी खांदा पुढून आणि बाजूने १८० अंशांच्या आसपास जातो. फ्रोझन शोल्डरमध्ये बाहेर वळणं सगळ्यात जास्त जातं, आणि दुसऱ्याने हात धरून हलवला तरी तो अडतो. बर्सायटिसमध्ये दुसऱ्याने उचलला तर बऱ्यापैकी जातो, स्वतः उचलताना ६० ते १२० अंशांच्या मधे कळ येते. नोंदीत स्वतःची आणि दुसऱ्याने केलेली, दोन्ही हालचाल हवी. नुसतं ‘हालचाल कमी’ असं लिहिलेला कागद अर्धाच उपयोगाचा.

डॉक्टरकडे बोलताना ‘मान, खांदा, हात सगळंच दुखतं’ असं सैल बोलू नका. खरंच बोटांपर्यंत मुंग्या जात असतील तर जरूर सांगा, तपासणी व्हायलाच हवी, कारण नसेचा आजार निसटला तर तुमचंच नुकसान. पण दुखणं खांद्यात असून सवयीने मान म्हटलंत, तर नोंद होते ‘मानेतून पसरणारं दुखणं’ आणि तिसरी अट डळमळते.

स्टिरॉइडच्या इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते. पुढचं घ्यायचं असेल तर मधुमेहाच्या डॉक्टरला आधी कळवा.

मीरा_एडिसन

दोघांचेही मनापासून आभार. अडचणी अशा दिसतायत: दवाखान्याने दिलेल्या आय-६९३ च्या (ग्रीन कार्डच्या मेडिकलच्या फॉर्मच्या) प्रतीत लशींच्या तारखा आहेत, पण कुठल्या हातात ते नाही. ऑर्थोच्या पहिल्या नोंदीत ‘काही आठवड्यांपासून दुखतंय’ एवढंच लिहिलंय. पहिल्या आठवड्यात मी फॅमिली डॉक्टरला पोर्टलवर मेसेज केला होता. बहिणीला सांगलीला व्हॉट्सअ‍ॅपवरही लिहिलं होतं, मराठीत. पुण्याच्या फिजिओची फाइल आहे, पावत्या आहेत.

श्रीधर_दावेकाम

पोर्टलचा मेसेज सगळ्यात मोलाचा. त्यावर तारीख-वेळ आहे आणि तो वैद्यकीय नोंदीचा भाग आहे. फोनवरचा स्क्रीनशॉट पुरत नाही. दवाखान्याकडून पूर्ण नोंदी मागवताना ‘पोर्टलवरचे संदेश आणि फोनच्या नोंदींसह’ असं अर्जात लिहा, नाहीतर ते फक्त भेटींच्या नोंदी पाठवतात. हिपा या वैद्यकीय नोंदींच्या कायद्याखाली प्रत मागितल्यावर त्यांना साधारण ३० दिवसांत द्यावी लागते.

हाताचा प्रश्न. आय-६९३ वर हात लिहायला जागाच नाही. कायद्याने लस देणाऱ्याने तारीख, उत्पादक, लॉट क्रमांक आणि स्वतःचं नाव, पत्ता, हुद्दा नोंदवायचा असतो. कुठला हात हे त्या सक्तीच्या यादीत नाही. म्हणून दवाखान्याकडे फक्त फॉर्म मागू नका, लस देण्याची मूळ अंतर्गत नोंद मागा. तिथे ‘एलडी’ म्हणजे डावा डेल्टॉइड, ‘आरडी’ म्हणजे उजवा, असं लिहिलेलं असायची शक्यता बरीच असते. न्यू जर्सीच्या राज्य लसीकरण नोंदवहीतूनही तुमचा उतारा काढा. कुठेच हात सापडला नाही, किंवा चुकीचा सापडला, तरी घाबरू नका. पहिल्या दिवसापासून प्रत्येक डॉक्टरला डावाच खांदा सांगितलेला असेल तर स्पेशल मास्टर तो पुरावा मानतात. संगणकात आपोआप भरला गेलेला हात चुकीचा ठरवून अर्जदाराच्या बाजूने दिलेले निर्णय आहेत.

तुमच्या बाबतीत एक सोय आहे. फ्लू आणि टीडॅप दोन्ही यादीत आहेत आणि दोन्ही एकाच दंडात दिल्या, त्यामुळे नेमकी कुठल्या सुईने इजा झाली हे वेगळं काढायची गरज नाही. याचिकेत दोन्हींची नावं द्या. एमएमआर उजव्या दंडात कातडीखाली दिलेली असेल तर तिचा इथे संबंध नाही.

‘काही आठवड्यांपासून’ ही नोंद त्रासदायक आहे, पण जीवघेणी नाही. ज्या काळात घडलं त्याच काळात लिहिलेल्या कागदाला, नंतर आठवून दिलेल्या साक्षीपेक्षा कोर्ट जास्त वजन देतं. म्हणूनच पोर्टलचा मेसेज त्या नोंदीला तोलून धरतो. ऑर्थोची नोंद दुरुस्त करायचा अर्ज करता येतो, तो हक्क आहे, पण नवीन मजकूर नवीन तारखेनेच पडतो आणि पडायलाच हवा. जुनी नोंद बदलून मागू नका. ते लगेच उघडं पडतं आणि उरलेल्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. त्यापेक्षा पुढच्या भेटीत तारीख, हात आणि किती तासांत सुरू झालं, हे स्पष्ट सांगा. फिजिओच्या फॉर्मवर ‘दुखणं कशाने सुरू झालं’ या रकान्यात घाईत ‘माहीत नाही’वर खूण करू नका. असली एक खूण नंतर पानभर खुलासा लिहायला लावते.

त्या महिन्यांत दुसऱ्या कशासाठी, दातांसाठी किंवा साखरेसाठी, डॉक्टरकडे गेला असाल आणि तिथे खांद्याचा उल्लेख नसेल, तर तोही कागद समोर येणार. लपवता येत नाही, कारण लशीच्या तीन वर्षं आधीपासून आजपर्यंतच्या सगळ्या नोंदी द्याव्या लागतात. का सांगितलं नाही ते शपथपत्रात साध्या शब्दांत लिहा: दंतवैद्याला खांद्याचं कोण सांगतं? त्या तीन वर्षांतला काही काळ भारतात गेला असेल तर तिथलेही कागद मागवा. डॉक्टरकडे गेलाच नसाल तर तसं लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज द्या, पण संपूर्ण संवाद तारखांसह एक्स्पोर्ट करून. निवडक ओळी कापून नको. सोबत इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर खरं आणि पूर्ण आहे’ असं सही केलेलं निवेदन. हे काम तुम्ही किंवा नवऱ्याने करू नका, तिऱ्हाइताकडून करून घ्या. ‘ब्लाउजच्या बाहीत हात जात नाही गं’ अशी एखादी ओळ लशीनंतर चौथ्या दिवशी लिहिलेली असेल, तर नंतरच्या पानभर वर्णनापेक्षा ती जास्त काम करते.

बहिणीचं शपथपत्र लागलं तर सांगलीत नोटरी आणि अपोस्टिलच्या (परदेशात वापरायच्या कागदावरच्या सरकारी शिक्क्याच्या) फेऱ्या मारायची गरज नाही. अमेरिकेच्या कायद्यात, टायटल २८ च्या कलम १७४६ मध्ये, नोटरीशिवायचं निवेदन चालतं. देशाबाहेर सही होत असेल तर ‘अमेरिकेच्या कायद्यानुसार, खोटं ठरल्यास शिक्षेस पात्र राहून’ हे शब्द त्यात असलेच पाहिजेत. अमेरिकेत सही करणाऱ्याला ‘अमेरिकेच्या कायद्यानुसार’ हा भाग लागत नाही. त्या शब्दांचा नेमका इंग्रजी मजकूर वकील देतो. खाली तारीख आणि सही. बहिणीने तुमच्या खांद्याचं निदान करू नये, तिने जे ऐकलं-पाहिलं तेवढंच लिहावं.

पुण्याचे कागद चालतात. फिजिओकडून लेटरहेडवर नोंदणी क्रमांकासह सारांश घ्या: पहिली आणि शेवटची तारीख, एकूण सत्रं, सुरुवातीचे आणि शेवटचे अंश, कुठला खांदा. पावत्या रुपयांत असतील तर त्या दिवशीच्या दराने डॉलर लिहून जोडा. भारतातले सहा आठवडे फाइलमध्ये रिकामे दिसले तर ‘उपचार थांबवले, म्हणजे बरं वाटत होतं’ असा अर्थ काढला जातो. ते रिकामेपण भरून काढायला हा एकच कागद पुरतो.

सुहास_डॅलस

याच धाग्यात विचारतो. आईला शिंगल्सच्या (नागिणीच्या) लशीनंतर असाच त्रास आहे आणि एका मित्राला कोविडच्या. तेही इथेच का?

श्रीधर_दावेकाम

दोन्ही नाही. शिंगल्सची लस या कार्यक्रमाच्या यादीत नाही, कारण मुलांना किंवा गरोदर बायकांना सरसकट द्यायची शिफारस असलेल्या लशीच यादीत घेता येतात. म्हणजे १,००० डॉलरचा अडसरही तिथे नाही. राज्याच्या कायद्याने निष्काळजीपणाचा दावा लावता येतो, पण तिथे चूक सिद्ध करावी लागते आणि मुदत राज्यागणिक वेगळी, बहुधा कमी. टेक्ससच्या वकिलाला लगेच गाठा. मात्र आईला त्याच दिवशी त्याच हातात फ्लूचीही लस दिली होती का, ते आधी तपासा. दिली असेल तर गोष्ट बदलते. न्यूमोनियाच्या लशींतही फरक आहे: कॉन्ज्युगेट प्रकारची यादीत आहे, जुनी २३ प्रकारांची पॉलिसॅकराइड नाही.

कोविडसाठी वेगळा कार्यक्रम आहे, काउंटरमेझर्स इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅम. तिथे मुदत लस घेतल्यापासून फक्त एक वर्ष. वेदनांची भरपाई नाही, वकिलाची फी नाही, कोर्टात अपील नाही. विमा आणि इतर मार्गांतून न मिळालेला औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेला पगार, एवढ्याचाच विचार होतो. मित्राचं वर्ष उलटायचं असेल तर आजच विनंतीचा फॉर्म पाठवा, कागद मागून देता येतात.

वंदना_के

पैसे किती मिळतात, आणि कधी? आपलं नाव सगळ्यांना दिसतं का?

अनघा_डीसी

वेदना आणि त्रास यासाठी कायद्याने वरची मर्यादा २,५०,००० डॉलर. ती १९८६ पासून तशीच आहे, महागाईप्रमाणे वाढलेली नाही, आणि ही गोष्ट अन्यायाची आहे असं मला ठाम वाटतं. शस्त्रक्रिया न झालेल्या खांद्यांना अनेक निकालांत काही दहा हजारांच्या घरात रक्कम मिळाली आहे, शस्त्रक्रिया झालेल्यांना बरेचदा लाखाच्या वर. स्पेशल मास्टर बघतात ते असं: पहिल्या डॉक्टरकडे किती दिवसांनी गेलात, फिजिओची सत्रं किती, इंजेक्शनं किती, एमआरआयमध्ये काय, वेदना दहापैकी किती लिहिल्या गेल्या, मधे किती महिने काहीच उपचार नव्हते, आणि शेवटी खांदा किती परत आला. लशीनंतर चार-पाच महिने ‘बरं होईल’ म्हणून घरी शेकत बसलेल्यांची रक्कम इथे कमी होते.

त्यावर खिशातून गेलेला खर्च: कोपे (विमा असूनही दर भेटीला आपण भरतो ती रक्कम), फिजिओ, औषधं, उपचारासाठीचा प्रवास. आरोग्य विम्याने भरलेलं तुम्हाला पुन्हा मिळत नाही. ‘तुमचा लशीचा दावा आहे, आधी तिथून घ्या’ असं म्हणून विमा कंपनीला उपचार नाकारता येत नाहीत, कायदा तसं करू देत नाही. बुडालेला पगार मिळतो, पण पगाराच्या पावत्या आणि कामावरून रजेची नोंद लागते. मीरा एच-४ वर नोकरी करत नसतील तर हा भाग त्यांच्या दाव्यात येणार नाही.

वेळ: दोन ते तीन वर्षं धरून चाला. याचिका आधी कागद पूर्ण आहेत का या छाननीतून जाते, मग खांद्याची प्रकरणं स्पेशल प्रोसेसिंग युनिटकडे जातात. आरोग्य खात्याचे डॉक्टर फाइल वाचतात आणि सरकार नियम ४(सी) खालचा अहवाल देतं: मान्य किंवा अमान्य. मान्य असेल तर रकमेवर बोलणी होतात. तिथे जमलं नाही तर स्पेशल मास्टर रक्कम ठरवतात. अर्धवट कागदांनिशी घाईने दाखल केलेली याचिका त्या पहिल्याच छाननीत महिनोन्‌महिने पडून राहते, म्हणून मुदत जवळ नसेल तर आधी फाइल पूर्ण करा. निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत त्याच कोर्टाच्या न्यायाधीशांकडे फेरविचार मागता येतो. अंतिम निवाड्यानंतर ९० दिवसांत भरपाई घ्यायची की नाकारून दिवाणी कोर्टात जायचं, हे लेखी कळवावं लागतं.

नाव: निर्णय कोर्टाच्या संकेतस्थळावर जाहीर होतात आणि त्यात पूर्ण नाव, लस, आजार सगळं असतं. वैद्यकीय किंवा खासगी तपशील झाकायला निर्णयानंतर १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. ते १४ दिवस गेले की उपाय नाही. प्रौढ व्यक्तीला नावाऐवजी आद्याक्षरं मिळतीलच असं नाही, सबळ कारण द्यावं लागतं. ज्यांना हे खुपतं त्यांनी वकिलाशी पहिल्याच दिवशी बोलून ठेवावं.

वैशाली_कोथरूड

आणि पुण्यात लस घेऊन असं झालं तर?

अनघा_डीसी

साधारणपणे अमेरिकेबाहेर घेतलेली लस या कार्यक्रमात येत नाही. जे अपवाद आहेत ते मुख्यतः अमेरिकी सैन्य, सरकारी नोकर आणि त्यांचं कुटुंब अशांसाठी. भारतात लशींच्या इजेसाठी असं वेगळं कोर्ट नाही. दुष्परिणामाची नोंद जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याकडे करता येते, त्यातून तपास होतो. भरपाईसाठी खासगी, पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कमतरता झाली म्हणून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. सगळ्यांनाच मोफत सेवा देणाऱ्या सरकारी केंद्रावर तो कायदा लागत नाही. आणि तिथे निष्काळजीपणा तुम्हालाच सिद्ध करावा लागतो, त्यामुळे तज्ज्ञ ऑर्थोपेडिकचं लेखी मत हाती आल्याशिवाय तक्रार टाकू नका. टोचल्यावर लगेच दुखलं असेल तर त्या जागेचा, हाडाच्या टोकापासूनचं अंतर पट्टीने दिसेल असा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. सुईची खूण दोन दिवसांत जाते.